मागच्या अंगणातले सरडे, एक घोरपड आणि पेव्हर ब्लॉक

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी रो-हाउस, मागे जेमतेम गुंठाभर मोकळी जागा, राहायला येऊन आठ महिने झालेले. त्या जागेत रोज पाच-सहा सरडे, कुंड्यांखाली चकाकणाऱ्या सापसुरळ्या, स्वयंपाकघराच्या खिडकीवर पाली आणि गेल्या आठवड्यात भरदुपारी भिंतीवरून उतरलेली एक घोरपड. घरात चार वर्षांची मुलगी, सासूबाईंना पालीचा धसका. माळीबुवांचा सल्ला असा, की एकदा जोरदार फवारणी करा आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालून टाका. तुम्ही विचारलंय, "हे सगळं घालवायचं कसं, आणि नाही घालवलं तर चालेल का?"

मी १९ वर्षं याच पट्ट्यात साप सोडवायला जातो आणि पोटापाण्यासाठी बागांची कामं घेतो. त्यामुळे माळीबुवांची बाजूही मला कळते. फवारणी आणि पेव्हर हे एका दिवसाचं काम, पैसे रोख आणि गिऱ्हाईक खूश. बाग नीट लावून द्यायची तर तीन-चार खेपा होतात आणि वर गिऱ्हाईक विचारतं, "इतके दिवस काय केलंत?"

पण मला वाटतं, तुमचा प्रश्न मुळात सरड्यांचा नाहीच. सरड्यांपाठोपाठ साप येईल का, आणि मुलीला काही चावेल का, हे तुम्हाला विचारायचंय. तसं असेल तर उत्तर वेगळं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सरड्यांचं उरकू. भारतात एकही सरडा, पाल किंवा सापसुरळी विषारी नाही. "अमुक जातीची असते हो विषारी" असं कोणी ना कोणी सांगेलच. नसते. बागेतल्या सरड्याच्या नराचा गळा उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत लालभडक होतो, त्यावरून आमच्या लहानपणी पोरं म्हणायची, की तो लांबूनच रक्त शोषतो. आणि मग दगड. प्रत्यक्षात तो दुसऱ्या नराला दम देत असतो. पुढच्या पायांवर जोर काढतो, मान वरखाली करतो, 'ही जागा माझी' एवढंच सांगतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण ज्यानं कुणी केली, त्यानं सरडे नीट पाहिलेले असणार. मोठा नर आपला पट्टा धरून असतो. तुम्ही तो पकडून लांब सोडलात तर पट्टा रिकामा राहत नाही, शेजारच्या भिंतीवरचा दुसरा आठवडाभरात येऊन बसतो. म्हणून 'पकडून सोडून या' अशी कामं मी घेत नाही.

सापसुरळीला काही ठिकाणी सापाची मावशी म्हणतात आणि त्या नात्यापायीच ती मार खाते. गुळगुळीत अंग, बारकेसे पाय, पालापाचोळ्यात सळसळ. घाईत साप वाटते खरी, पण अगदी गरीब प्राणी आहे. संकटात शेपूट टाकून पळते आणि मागे शेपूट वळवळत राहतं, ते बघून माणूस आणखी घाबरतो. पालीचंही तसंच. बागेतला सरडा मात्र शेपूट असं सहजासहजी टाकत नाही. मुलं त्याला शेपटीला धरून ओढतात तेव्हा इजा होते, आणि तुटलं तर पुन्हा येत नाही. मुलीला एवढं एक नक्की सांगा.

आता सापाचं. इथे मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. टेकडीच्या पायथ्याशी, मागे झाडं असलेल्या घरात वर्षाकाठी एखाददुसरा साप येऊन जाणारच. सरडे असोत वा नसोत. कवड्या नावाचा बिनविषारी साप पालींच्या मागावर थेट घरात शिरतो. नानेटी बेडकांसाठी येते. पण ज्यांची भीती धरावी ते नाग आणि घोणस मुख्यतः उंदीर-घुशींसाठी येतात. मला ज्या घरांतून पुन्हा पुन्हा फोन येतात तिथे सरडे किती हे मी मोजत नाही. गेल्या गेल्या घुशीची बिळं, पक्ष्यांना टाकलेलं धान्य आणि उघडा कचऱ्याचा डबा शोधतो, आणि यातलं काहीतरी हमखास सापडतं. एका बंगल्यात तीन महिन्यांत दोन नाग धरले. आजोबा रोज सकाळी कबुतरांना मूठ मूठ ज्वारी टाकायचे आणि रात्री तिथेच घुशींची पंगत बसायची. ज्वारी थांबली आणि बिळं बुजवली, त्यानंतर त्या घरातून फोन आला तो दिवाळीच्या शुभेच्छांचा.

मग करायचं काय? मी गिऱ्हाइकांना जागेचे दोन भाग पाडायला सांगतो. घराच्या भिंतीपासून साधारण दहा फुटांपर्यंतची जमीन स्वच्छ हवी. तिथे गवत घोट्याच्या खाली, कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर, आणि विटांचे ढीग, बांधकामातलं उरलेलं डबर, जुने पत्रे, सरपण यांतलं काहीही नको. सापाला उघड्यावर सरपटणं आवडत नाही, त्याला आडोसा लागतो. त्यापलीकडची कुंपणाकडची पट्टी मात्र तशीच ठेवा. पालापाचोळा, एखादी करवंद किंवा अडुळशाची जाळी, दोन-चार दगड, पक्ष्यांना पाण्याचं पसरट भांडं. सरडे, सापसुरळ्या, भारद्वाज, मुंगूस सगळे तिकडे रमतात. घर आणि ती पट्टी यांच्यामध्ये दिसण्याजोगी मोकळी जमीन राहिली, की काही सरपटत आलंच तर ते तुम्हाला दिसतं. निम्मी भीती न दिसण्याची असते.

घराच्या फटींकडे बघा. मागच्या दाराखालून तुमची करंगळी जात असेल तर सापाचं पिल्लूही जाईल. दाराला खालून रबरी पट्टी लावून घ्या, फार खर्च नाही. न्हाणीघराच्या आणि गच्चीच्या पाण्याच्या वाटांना बारीक जाळी लावा, चेंबरची झाकणं नीट बसतात का पाहा. बाहेर ठेवलेली पादत्राणं आणि मुलीची खेळणी संध्याकाळी आत घ्या किंवा घालण्याआधी झटका. पावसाळ्यात कोरडा बूट म्हणजे बेडकाला आणि विंचवालाही आयतं घर. रात्री मागे जायचं तर टॉर्च हवाच, अगदी दोन पावलांवरची दोरीवरची कपडे काढायची असली तरी. आणि घरात कोणी जमिनीवर अंथरूण घालून झोपत असेल तर त्यांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून. मण्यार रात्री हिंडते आणि तिचा दंश इतका हलका असतो, की झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

माझ्या सांगण्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही सांगून ठेवतो. तुमची कुंपणाची भिंत गिलावा केलेली आहे की नुसती दगड रचलेली, यानं खूप फरक पडतो. रचीव गडग्याच्या फटीत अख्खं गाव राहतं. मागे थेट टेकडी आहे की आणखी एक रो-हाउस, मुलगी एकटी मागे खेळते का, घरात कुत्रा आहे का, हेही पाहावं लागेल. कुत्रा असला तर मी दहाचे पंधरा फूट करायला सांगेन, कारण कुत्रा सापाला कोपऱ्यात गाठतो आणि मग दोघांपैकी एक जातो.

फवारणीबद्दल मी जरा चिडूनच लिहिणार आहे. कीटकनाशकानं सरडा त्याच दिवशी मरेलच असं नाही. मरतात त्या मुंग्या, टोळ, झुरळं, म्हणजे त्याचं जेवण. दोन महिन्यांनी मावा आणि डास पहिल्यापेक्षा जोरात येतात, कारण त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. मग पुन्हा फवारणी, पुन्हा बिल. आणि त्याच मातीत तुमची मुलगी खेळणार. उंदरांचं औषधही जपून. बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांनी उंदराला आतून रक्तस्राव होतो आणि तो दोन-चार दिवस सुस्तावून फिरत राहतो. तो गव्हाणी घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला की विष पुढे सरकतं. उंदरांसाठी पिंजरा लावा, कचरा झाका, बिळं बुजवा. आणि साप येऊ नये म्हणून फिनेल, गंधक, लसणाचं पाणी, डांबरगोळ्या यांवर एक रुपया घालवू नका. फिनेल टाकलेल्या पायरीवर वेटोळं घालून बसलेला नाग मी स्वतः उचललाय. पायरीला अजून वास येत होता.

आणखी एक गोष्ट माळीबुवा सुचवतीलच, म्हणून आधीच सांगतो. वेलांवर किंवा वाफ्यावर टाकायची नायलॉनची जाळी. जमिनीला टेकलेली जाळी म्हणजे सापळाच. दोन वर्षांपूर्वी बावधनला दोडक्याच्या मांडवावरून लोंबणाऱ्या जाळीत साडेसहा फुटी धामण अडकली होती. ती जितकी पुढे रेटत होती तितका दोरा खवल्यांत रुतत होता. घरमालकांच्या मुलानं तिची मान मऊ फडक्यात धरली आणि मी नखं कापायच्या छोट्या कात्रीनं एकेक दोरा तोडत बसलो. रुतलेला दोरा दिसत नाही, बोटानं चाचपावा लागतो. कात्रीचं टोक खवल्याखालून सरकवायचं, टिच्च आवाज आला की पुढचा. पाऊण तास लागला. शेवटचा दोरा सुटल्यावर ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मुलगा म्हणाला, "मेली का हो काका?" आणि तेवढ्यात ती त्याच्या पायाजवळून अशी गेली, की तो कठड्यावर चढला. जाळी लावायचीच असेल तर जमिनीपासून हातभर वर बांधा.

घोरपडीचं काय? काही नाही. ती जात होती, जाऊ द्या. टेकडीलगतच्या बंगल्यांतून ती अधूनमधून फेरी मारते. किडे, गोगलगायी, उंदीर, अंडी, मेलेलं काहीबाही, जे मिळेल ते खाते आणि निघून जाते. माणसाच्या अंगावर धावून येत नाही. पण कोंडलीत किंवा धरलीत तर शेपटीचा फटका आणि चावा दोन्ही देते, तेव्हा तिच्या आणि भिंतीच्या मध्ये उभं राहू नका. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. ती खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवा, तिची पकड मात्र खरी आहे. एकदा फटीत शिरून अंग फुगवून बसली, की ओढून निघत नाही. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. धरणं, मारणं, विकणं यांना ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. 'सांधेदुखीवर घोरपडीचं तेल' किंवा 'हत्थाजोडीची मुळी' विकणारा फेरीवाला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती मुळी नसतेच, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं लिंग असतं. हे मी एका सोसायटीच्या सभेत सांगितलं तेव्हा देव्हाऱ्यात ती ठेवणारे एक सद्गृहस्थ मधूनच उठून गेले.

सासूबाईंच्या पालीकडे येतो. पाल अंगावर पडली तर काय होतं याची यादी पंचांगात असते, त्यावर मी वाद घालत नाही. माझ्या आईशी घालून पाहिला, हरलो. पण पाली कमी करता येतात. पाल दिव्याला येत नाही, दिव्यावरच्या किड्यांना येते. मागच्या दाराचा पांढराशुभ्र दिवा काढून पिवळा लावा आणि गरज नसेल तेव्हा बंद ठेवा. खिडकीला बारीक जाळी बसवा. फोटोफ्रेम आणि कपाटामागच्या फटी कमी करा. अंड्याची टरफलं आणि मोरपिसं यांचा उपयोग होत नाही, मोरपिसावर बसलेली पाल मी पाहिली आहे. चिकटपट्टीचे सापळे अजिबात लावू नका. त्यावर पाल दोन दिवस तडफडते आणि तिला खायला आलेला कवड्याही चिकटतो. कधी असं झालंच तर ओढू नका, खायचं तेल लावून हळूहळू सोडवा. आणि पाल विषारी नसली तरी तिच्या विष्ठेत रोगजंतू असतात, म्हणून ओट्यावर झाकणं ठेवायची आणि पाल पडलेलं अन्न टाकून द्यायचं. इथे सासूबाईंचं बरोबर आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती तुमच्याकडेही होऊ शकते. पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली, की सरड्याची मादी वाफ्यात पुढच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि तोंडानं दाबून बसवते. नंतर बघायलाही येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका बागेत कुंडी पालटताना मातीतून भुईमुगाच्या दाण्याएवढी, पांढरी, मऊ सालीची दहा-बारा अंडी निघाली. मी ती मोठ्या काळजीनं धुतली आणि दुसऱ्या कुंडीत वाटेल तशी पुरली. सगळी कुजली. नंतर कळलं, की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटलं की तो मरतो. तेव्हा माती उकरताना अशी अंडी दिसली तर हलवू नका, तशीच माती ओढून ठेवा. हलवावीच लागली तर पेन्सिलीनं वर खूण करा आणि ती बाजू वरच ठेवून दुसरीकडे पुरा. साधारण दीड-दोन महिन्यांत बोटभर पिल्लं निघतात आणि त्याच दिवसापासून मुंग्या टिपायला लागतात.

मुलीला भीती घालण्यापेक्षा नियम द्या. न बघता फटीत हात नाही. काही सळसळलं तर पळायचं नाही, जागेवर थांबून मोठ्या माणसाला हाक मारायची. कुठलाच प्राणी हातात धरायचा नाही. चार वर्षांच्या मुलीला हे तीन नियम पुरतात. बाकी बघू दे तिला मनसोक्त. कधी साताऱ्याकडे गेलात तर पावसाळ्याच्या तोंडी चाळकेवाडीच्या पठारावर थांबा. गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा उघडणारे सरडे तिथे दगडांवर दिसतात. २०१६ साली त्यांच्या प्रजातीला शास्त्रज्ञांनी नाव दिलं ते आपल्या मराठी 'सरडा' शब्दावरूनच.

साप दिसलाच तर एकानं लांबून नजर ठेवायची आणि दुसऱ्यानं वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. मोबाइलवर व्हिडिओ काढायला जवळ जायचं नाही आणि काठी तर नाहीच. साप साप म्हणून भुई धोपटण्यात दंशाचा धोका वाढतो. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक यांतलं काहीही नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ची गाडी किंवा जी असेल ती गाडी घेऊन थेट रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत असतं, जवळच्या खासगीत असतं का ते आजच विचारून ठेवा. ऐनवेळी विचारत फिरण्यात वेळ जातो.

आता पेव्हर. सरसकट घातले तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी घराकडे येईल आणि उन्हाळ्यात मागची खोली भट्टी होईल. शिवाय ब्लॉकखालची वाळू मुंग्या उकरतात, पोकळी होते, मग तिथे घूस आणि घुशीमागे साप. म्हणजे ज्याला घाबरून घातले त्यालाच आमंत्रण. तरी माळीबुवांना दुखवायचं नसेल तर घराच्या भिंतीलगत तीन फुटांचा पट्टा घालून घ्या, उतार बाहेरच्या बाजूला, सांधे सिमेंटनं भरलेले. कपडे वाळत घालायला आणि मुलीच्या सायकलला तेवढा पुरतो. काम शक्यतो मेच्या अखेरीस संपवा, जूनमध्ये वाफे उकरू नका. आणि मागच्या भिंतीचा एक फोटो टाका, गिलावा आहे की रचीव दगड ते दिसेल असा. फटी कुठल्या बुजवायच्या आणि कुठल्या ठेवायच्या ते त्यावरून सांगता येईल.